मोठ्यानं बोला जी

आमच्या डोमाजी काकांच्या कानात आजवर कोणालाही काही सांगता आलेलं नाही. कान चांगले शाबूत आहेत. पण त्यांच्याजवळ तोंड नेऊन कोणी आवाज खाली केला, की ते दोन पावलं मागे सरकतात आणि अख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "मोठ्यानं बोला जी! हळू बोलाले आपण काय चोर आहो?"

एवढ्यावर सुटका झाली तर ठीक. पण समोरचा गप्प राहिला, तर त्याने हळूच सांगितलेली गोष्ट ते स्वतःच मोठ्याने सांगून टाकतात. मागे आमच्या बळीरामच्या मुलीसाठी स्थळ आलं होतं. पाहुण्यांपैकी एक शहाणा गृहस्थ घरात जाण्याआधी डोमाजींच्या ओट्यावर टेकला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "घराणं कसं आहे? मुलगी कशी आहे?" डोमाजींनी तिथूनच हाक मारली, "बळीराम! अरे हे पाहुणे मले विचारून राहिले, तुमची पोरगी कशी आहे! बाहेर ये अन् सांग ना बाबा!" बळीराम बाहेर आला. मुलगीही बाहेर आली. तिने पाहुण्यांना उभ्या उभ्याच विचारलं, "अन् तुमचा पोरगा कसा आहे?" लग्न जमलं, ही गोष्ट वेगळी.

माझं गावात खत-बियाण्यांचं दुकान आहे, आणि डोमाजी माझे शेजारी. मला शुगर निघाली तेव्हा मी ती फक्त त्यांना सांगितली. संध्याकाळपर्यंत गावातल्या एकाही घरात मला साखरेचा चहा मिळेना.

अशा माणसाचं राजकारणात काय काम, असं तुम्ही म्हणाल. आम्हीही तेच म्हणत होतो.

आमच्या तालुक्यात दोन पुढारी. इकडचे भाऊसाहेब, तिकडचे बाबूजी. मंचावर दोघे एकमेकांच्या सात पिढ्या काढतात. पंचायत समितीची निवडणूक लागली आणि सानगडीच्या बाजारात, डोमाजी बैलासाठी दावं निवडत असताना, भाऊसाहेबांचा एक कार्यकर्ता त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. विश्वासातला माणूस समजून तो कानाशी काहीतरी पुटपुटला. डोमाजी दावं हातात घेऊनच मागे सरकले.

"काय म्हणता? दोघायची सेटिंग झाली? आमच्या गणात बाबूजी नावापुरता माणूस उभा करणार, अन् बाजूच्या गणात भाऊसाहेब नावापुरता? मंग आमी मतदान कायले करून राहिलो जी? उन्हात उभं राहाले?"

बाजार आधी हसला. मग हसणं थांबलं. वांगी विकणाऱ्या बाईने तराजू खाली ठेवला आणि म्हणाली, "काकाजी, मंग तुमीच राहा ना उभे."

आणि ते राहिले. अपक्ष. प्रचाराला लाउडस्पीकर लागला नाही, हे सांगायला नको. प्रत्येक गावाच्या चौकात उभं राहून ते एकच बोलत, "मले निवडून द्या. आत जे बोलतीन ते मी बाहेर सांगीन." लोकांना एवढंच पाहिजे होतं. दोन्हीकडचे उमेदवार पडले आणि डोमाजी पंचायत समितीचे सदस्य झाले.

खरी गंमत पुढे झाली. निकाल लागला तर भाऊसाहेबांचे आणि बाबूजींचे सदस्य सारखेच. मधात एकटे डोमाजी. ज्याच्या बाजूने ते हात वर करतील त्याचा सभापती. सभापतीपद यावेळी महिलेसाठी होतं, म्हणून भाऊसाहेबांनी आपल्या सुनेचं नाव ठरवलं होतं आणि बाबूजींनी आपल्या भावजयीचं. भाऊसाहेबांची सून आमच्या तालुक्यातून निवडून आली होती खरी, पण राहायची नागपुरात. तिचा चेहरा आम्ही फ्लेक्सवरच पाहिलेला.

दुसऱ्याच दिवशी आमच्या चौकात भाऊसाहेबांची काळ्या काचांची गाडी येऊन उभी राहिली. आतून आवाज आला, "डोमाजी काका, या, बसा गाडीत. दोन शब्द बोलायचं आहे."

"काच खाली करा अन् तिथूनच बोला."

"काका, इथं कसं बोलता येईल?"

"मंग ते बोलण्यासारखं नसन."

गाडी निघून गेली. मग बाबूजींचा माणूस मोटारसायकलवर आला. त्यानेही तेच ऐकलं. शेवटी भाऊसाहेब स्वतः खाली उतरले. मोठा माणूस, पांढरे कपडे, पायांत मऊ चपला. हात जोडून म्हणाले, "काका, मतदान होईस्तोवर आमचे सगळे सदस्य सहलीला चालले. जंगलाच्या कडेला रिसॉर्ट आहे. तुम्ही पण चला. आराम करा."

आम्हाला वाटलं, आता भाऊसाहेबांची वाट लागली. पण डोमाजींनी जरा विचार केला आणि म्हणाले, "येतो. पण गाडीत एक जागा माझी, एक पार्बताची अन् एक या वसंताची." पार्बता म्हणजे काकू, वसंता म्हणजे मी.

"काकू ठीक आहे. पण हे कायले?"

"मी तिथं काय बोललो ते गावाले सांगाले कोणीतरी पायजे ना."

मी दुकानाला कुलूप लावताना त्यांना विचारलं, "काकाजी, तुम्ही जाऊन कशाला राहिले? उद्या लोक म्हणतील, डोमाजी विकले गेले."

"म्हणू दे. म्हणाले तर मोठ्यानं म्हणतीन, मी मोठ्यानं उत्तर देईन." मग थोडं थांबून म्हणाले, "पार्बतानं हाटेल पायलं नाही जी कधी."

पार्बताकाकूंना ऐकू येत नाही. लग्नानंतर काही वर्षांनी मोठा ताप आला आणि त्यात कान गेले. ओठांवरून त्यांना बरंच समजतं, आणि डोमाजी अगदी जवळून, हातवारे करत, घसा फाडून बोलले की उरलेलंही समजतं. त्यांना त्रास होतो तो एका गोष्टीचा. चारजण डोकी जवळ आणून कुजबुजायला लागले की त्यांचा चेहरा उतरतो. वाटतं, आपल्याबद्दलच चाललंय. आपल्यावरच हसून राहिले. डोमाजींच्या घरात म्हणूनच कोणी कुजबुजत नाही. घरातली ती रीत ते बाहेरही घेऊन फिरतात, एवढंच.

आणि आता हे जोडपं अशा जागी पोचलं होतं जिथे कुजबुजण्याशिवाय दुसरा उद्योग नव्हता.

रिसॉर्ट झकास होता. गवत कापलेलं, झाडांना दिवे, पोहायचा हौद, ज्यात एकही सदस्य उतरला नाही. गेल्या गेल्या सगळ्यांचे मोबाइल एका टोपलीत जमा केले. डोमाजींनी टोपलीत डोकावून विचारलं, "हे कायले? पळून जातीन म्हणून काय?" टोपली धरणारा कार्यकर्ता इकडेतिकडे बघू लागला. "आपलेच माणसं ना हे? मंग आपल्याच माणसायले कोंडून कायले ठेवता?" बाकीचे सदस्य जमिनीकडे बघत होते. एक बाई मात्र गालात हसली. त्या सुनंदाबाई. तलावापलीकडच्या गावच्या, भाऊसाहेबांच्याच पक्षाकडून निवडून आलेल्या. बचत गट चालवणाऱ्या, घरची धानाची शेती करणाऱ्या, चाळिशीच्या आतबाहेर.

दोन दिवस झाडाखाली, हौदाशी, जेवणघराच्या मागे नुसत्या जोड्या. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी. पार्बताकाकू पहिल्या दिवशी खोलीच्या दारातच बसून राहिल्या. मग सुनंदाबाई आपली खुर्ची उचलून त्यांच्यासमोर घेऊन गेल्या आणि तोंड नीट दिसेल अशा बसल्या. दोघी हातांनी, ओठांनी काय काय बोलल्या देव जाणे, पण दुपारी काकू हसताना दिसल्या.

तिसऱ्या सकाळी चहा झाल्यावर भाऊसाहेबांनी डोमाजींना झोपाळ्यावर आपल्या बाजूला बसवलं. मी पलीकडच्या बाकावर होतो. मला सगळं ऐकू आलं, कारण भाऊसाहेबांनी यावेळी आवाज फार खाली केला नाही. त्यांना मासा गळाला लागणार याची खात्री होती.

"काका, तुम्हाला पैसा नको, पद नको. मला माहीत आहे. पण काकूंचे कान... नागपुरात माझे ओळखीचे मोठे डॉक्टर आहेत. ऑपरेशन करून देतो. सगळं माझ्याकडं. त्यांना ऐकू यायला लागेल. तुम्ही फक्त माझ्या सुनेसाठी हात वर करायचा."

मी वाट बघत होतो की आता डोमाजी उठतील आणि सगळ्या रिसॉर्टला ही गोष्ट सांगतील. ते उठले नाहीत. झोपाळा हलत राहिला. त्यांनी एवढंच विचारलं, "खरंच ऐकू येईल तिले?"

"का नाही येणार?"

डोमाजी गप्प. त्यांना गप्प बसलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. भाऊसाहेबांनी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली आणि माझ्याकडे बघून हसले. खरं सांगतो, त्या क्षणी मला डोमाजींचा रागही येईना. त्यांच्या जागी मी असतो तर झोपाळ्यावरून उठायच्या आधीच हो म्हटलं असतं.

दुपारी सगळे जेवणघरात बसले. भाऊसाहेब मधल्या टेबलावर. डोमाजींनी ताट पुढे ओढलं नाही. ते पार्बताकाकूंकडे वळले, त्यांचा हात धरला आणि जेवढा होता तेवढा आवाज काढला. काढावाच लागणार होता. काकूंना सांगायचं तर दुसरा इलाज नव्हता.

"पार्बता! भाऊसाहेब म्हणते तुझ्या कानाचं आपरेशन करून देतो! नागपूरले! मी त्यायच्या सुनेले हात दिला तर!"

जेवणघरात वाढणाऱ्याची पळी हवेतच राहिली. भाऊसाहेबांचा घास तोंडाशी थांबला. काकू डोमाजींच्या ओठांकडे बघत होत्या. समजलं नाही म्हणून त्यांनी पुन्हा सांगायला लावलं. डोमाजींनी पुन्हा सांगितलं. आता बाहेरच्या माळ्यालाही समजलं असेल.

काकूंना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे त्याही काही हळू बोलत नाहीत. त्यांनी आजूबाजूला नजर फिरवली. "कोणाची सून? कुठं आहे ते? मले तर दिसली नाही."

"ते इथं नाही! नागपूरले आहे! मतदानाच्या दिवशी येईल!"

"इथं नाही त कामाले कशी येईल?" काकूंनी विचारलं. मग समोरच्या रांगेतल्या सुनंदाबाईंकडे बोट दाखवलं. "हे बाई आहे ना इथं. हिले कर."

"अन् तुझे कान?"

काकू जराशा थांबल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "राहू दे," म्हणाल्या. "इतके साल चाललं ना?" आणि भात कालवायला लागल्या.

डोमाजींनी तोंड पुसलं. डोळेही पुसले असावेत, एकाच पंच्याने, घाईघाईत. मग सुनंदाबाईंकडे वळून म्हणाले, "सुनंदाबाई, तुमाले सभापती व्हाचं आहे काय?"

सुनंदाबाईंचा चेहरा लाल झाला. भाऊसाहेबांकडे त्यांनी पाहिलं नाही. ताटाकडे बघतच म्हणाल्या, "व्हाचं आहे. पण विचारलं कोणी?"

"मी विचारून राहिलो ना! मोठ्यानं बोला."

"व्हाचं आहे!" सुनंदाबाई मोठ्याने म्हणाल्या.

त्यानंतर जो गोंधळ झाला त्यात सगळेच कुजबुजणं विसरून मोठमोठ्याने बोलायला लागले. भाऊसाहेब गरजले, "पक्षाचा आदेश मोडशील तर सदस्यत्व जाईल, लक्षात ठेव!" सुनंदाबाई उभ्या राहिल्या. "गेलं तर जाईल भाऊसाहेब. मी परत बाया घेऊन धानाच्या रोवणीले जाईन. पण अर्ज भरणार."

डोमाजींनी हिशेब सगळ्यांसमोर मांडला. "भाऊसाहेब, ऐका. मी हात देणार तो या बाईले. तुमच्या सुनेले नाही अन् बाबूजीच्या भावजयले बी नाही. हे बाई तुमच्यातून निघाली तर तुमचा एक हात कमी, बाबूजी जिंकते. तुमी सगळ्यायनं हिलेच हात दिला, तर सभापती तुमच्याच पक्षाची. आता तुमीच पाहा, तुमाले पक्ष पायजे का सून."

भाऊसाहेबांनी ताट बाजूला सारलं. त्यांच्या तीस वर्षांच्या राजकारणात त्यांना असं भरल्या जेवणघरात कोणी विचारलं नसणार. आणि खोलीत नेऊन विचारलं असतं तर त्यांनी दहा वाटा काढल्या असत्या. इथे सगळे सदस्य त्यांच्या तोंडाकडे बघत होते. एकट्या काकू तेवढ्या जेवत होत्या.

मतदानाच्या दिवशी बाबूजींनीही शेवटचा प्रयत्न केला. पंचायत समितीच्या पायऱ्यांवर डोमाजींना गाठून म्हणाले, "काका, शाबास! भाऊसाहेबाची चांगली जिरवली. आता आमच्याकडं या." डोमाजींनी वळून आवारातल्या गर्दीला सांगितलं, "हे बाबूजी म्हणून राहिले मले शाबास! अन् वरून म्हणतेत आमच्याकडं या! त्यायच्या भावजयले माझा हात नाही, हे ऐकून ठेवा सारेजण!" बाबूजी आत गेले ते मान खाली घालून.

सुनंदाबाईंनी अर्ज भरला. सूचक म्हणून डोमाजींनी सही केली. भाऊसाहेबांच्या सुनेचाही अर्ज होता. ती गाडीतून उतरली तेव्हा खरंच सुंदर दिसत होती, पण माघारीची वेळ संपायच्या थोडं आधी तिचा अर्ज मागे घेतला गेला. हात वर करायची वेळ आली तेव्हा भाऊसाहेबांच्या सगळ्या सदस्यांनी सुनंदाबाईंसाठी हात वर केले, तोंडं कडू करून. डोमाजींनी दोन्ही हात वर केले. निवडणूक घ्यायला आलेल्या सरकारी साहेबांनी त्यांना एक खाली घ्यायला लावला.

गावात मिरवणूक निघाली, पण सगळेच खूश होते असं नाही. आमच्या दुकानासमोर दोघे-तिघे म्हणालेच, "बायकोचे कान घालवले काकाजीनं. हट्टापायी." मी ते डोमाजींना सांगितलं. अर्थात मोठ्याने. ते भडकले. "कान तिचे आहेत. नाही बी तिनंच म्हटलं. तिच्या कानाचा सौदा करणारा मी कोण जी?" आणि मग बराच वेळ माझ्या वजनकाट्याकडे बघत उभे राहिले.

काही महिन्यांनी भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात कान तपासणीचं शिबिर लागलं. सभापती सुनंदाबाईंचा फोन आला, गाडी पाठवते, काकूंना थेट आत नेऊ. डोमाजींनी फोनवरच सुनावलं, "सभापती तुमाले याच्यासाठी केलं काय? बाकीचे लोक रांगेत राहातीन अन् पार्बता मागच्या दारानं जाईल?" सुनंदाबाई म्हणाल्या, "चुकलं काकाजी." आणि आम्ही तिघे एसटीने निघालो. कारध्याचा पूल आला तेव्हा काकूंनी खिडकीतून वैनगंगेला हात जोडले. शिबिरात डोमाजी दिवसभर रांगेत उभे राहिले, आणि मधे घुसणाऱ्या प्रत्येकाचं नाव-गाव विचारून ते रांगेला सांगत राहिले. रांग अगदी सरळ चालली.

डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनने काही होण्यासारखं नाही. पण एका कानाला मशीन लावली तर बरंच ऐकू येईल. मशीन लावली. काकू दचकल्या. वर पंखा होता, त्याकडे बघत राहिल्या. परतताना एसटीत त्यांनी डोमाजींचा दंड घट्ट धरला होता. "एवढा आवाज असते बसले?" एवढंच त्या वाटेत बोलल्या.

पहिले काही दिवस त्या मशीन काढून ठेवत. मग सवय झाली. गोंदियाला दिलेल्या मुलीचा फोन आला की आता त्या डोमाजींच्या हातातून फोन ओढून घेतात आणि अंगणात जातात. मग बायकांत जायला लागल्या. आधी पाण्यावर, मग बचत गटात, मग रोवणीला. इतक्या वर्षांचं बोलणं साठलेलं. बायकाही ऐकून घेतात. काकू बोलतात छान. त्यांना इतक्या गमती माहीत आहेत हे आम्हा कोणालाच ठाऊक नव्हतं. डोमाजी सोडून.

हल्ली डोमाजी दुपारी माझ्या दुकानात येऊन बसतात. खत घ्यायचं नसतं, बियाणं घ्यायचं नसतं. पंचायत समितीच्या सभेचा अहवाल सगळ्या चौकाला देऊन झाला की मग बसतात नुसते. एकदा मी विचारलं, "घरी नाही जात काकाजी? जेवणं व्हायची असतील."

"घरी कोणी नाही जी. ते गेली गटाच्या बायकायसंग." मग पोत्यावरची धूळ झटकत म्हणाले, "पहिले मी बांधावरून आलो की पार्बता दारातच राहे. दिवसभराचं सारं मलेच सांगे. मी एकटाच होतो ना सांगाले."

ते हसले. "चांगलं आहे बावा. चांगलंच झालं."

तेवढ्यात रस्त्यावरून बायका येताना दिसल्या. मधे पार्बताकाकू, हात नाचवत काहीतरी सांगत होत्या आणि बाकीच्या हसून हसून वाकत होत्या. मी हाक मारायला तोंड उघडलं. डोमाजींनी माझा हात धरला आणि मला काउंटरमागे ओढलं. स्वतः युरियाच्या थप्पीच्या आड सरकले, तिला दिसू नये असे.

"थांब वसंता," म्हणाले. "मले पायलं त थांबन ते. पुरं होऊ दे तिचं."

बायका दुकानावरून पुढे गेल्या. कोपऱ्यावर जाऊन पुन्हा उभ्या राहिल्या. गोष्ट लांबलचक असावी. डोमाजी थप्पीच्या आडून मान काढून बघत राहिले.